गालावरचे चट्टे आणि आईचं पथ्य

प्रश्न : सात महिन्यांच्या बाळाच्या गालांवर, कोपरांवर लाल, खरखरीत चट्टे आहेत. खूप खाजवतो. सासूबाई म्हणतात, माझ्या खाण्यातली उष्णता दुधातून उतरली. मी अंडी, वांगी सोडली. डाळीचं पीठ चोळून अंघोळ घालते. तरी फरक नाही.
– एक आई, सातारा

उत्तर : हा बहुधा इसब आहे, तुमच्या खाण्याचा दोष नव्हे. पोटभर जेवा. इसब असलेल्या बाळांची त्वचा ओलावा धरत नाही. पीठ चोळल्याने ती आणखी सोलवटते. कोमट पाण्याने झटपट अंघोळ, अंग टिपून लगेच बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा साधं व्हॅसलीन, दिवसातून दोनदा तरी. डॉक्टरांनी सौम्य स्टिरॉइड मलम दिलं तर घाबरू नका, सांगितलेले दिवस लावा. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली ट्यूब मात्र नकोच. चट्ट्यांतून पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी दाखवा.