आत्याचे कानमंत्र : ‘असा एखादा प्रसंग सांगा’

लेकरा, वाळूजच्या कंपनीचं बोलावणं आलं म्हणून पेढे वाटून झाले, आता घटकाभर बस. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लोकांच्या मुलाखती घेण्यातच माझी नोकरी सरली, तेव्हा टेबलापलीकडे काय चालतं ते मला ठाऊक आहे. "तुमचे गुण सांगा" हे आता जुनं झालं. हल्ली विचारतात, "सहकाऱ्याशी मतभेद झाला, असा एखादा प्रसंग सांगा." हे खूळ आपल्या एचआरवाल्यांचं नाही हं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलात वैमानिकांच्या निवडीवर काम केलेल्या जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्येच लिहून ठेवलंय, की माणसाबद्दलची मतं नकोत, नेमक्या प्रसंगी तो कसा वागला ते गोळा करा.

१. आजच एक वही घे आणि भांडण, चूक, घाईगडबड, कुणाला काही शिकवलेलं, असे सात-आठ खरे प्रसंग टिपून ठेव — त्या खुर्चीत बसलं की सख्ख्या बहिणीच्या लग्नाची तारीखसुद्धा आठवत नाही.

२. प्रसंग लहान असला तरी लाजू नकोस. गणेश मंडळाचा हिशेब चालतो, गल्लीतला पाण्याचा टँकरही चालतो — नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या शहरात ज्यानं चार घरांना टँकर वाटून दिला, त्याला मतभेद पुस्तकातून शिकावे लागत नाहीत.

३. सांगताना क्रम धर: परिस्थिती काय होती, तुझ्याकडे काम काय होतं, तू काय केलंस, शेवटी काय झालं. पहिल्या दोन गोष्टी चार वाक्यांत उरक — निम्मी पोरं कॉलेजचं वर्णन करण्यातच दमतात आणि स्वतःपर्यंत पोचतच नाहीत.

४. "अप्रेंटिस असताना क्वालिटी सांभाळली" एवढ्यावर थांबू नकोस. असं सांग: "सेकंड शिफ्टला बोअरमध्ये गो गेज जाईना. मी मशीन थांबवलं, आधीच्या तपासणीनंतरचे सगळे जॉब लाल ट्रेमध्ये काढले आणि सुपरवायझरना बोलावलं. टार्गेट राहणार म्हणून ते चिडले. मोजल्यावर पाच जॉब रिवर्कला गेले. इन्सर्ट झिजला होता, तो बदलून काम सुरू केलं." — लाल ट्रे आणि चिडलेला सुपरवायझर घरी बसून सुचत नाहीत, आणि समोरचा प्रॉडक्शनवाला हे लगेच ओळखतो.

५. जे तू केलंस तिथं ‘मी’ म्हण, मित्रांचं श्रेय त्यांना दे. ‘आम्ही’च्या पांघरुणात झोपलेला मुलाखतीत दिसत नाही — आम्हाला गुण तुला द्यायचे असतात, तुझ्या ग्रुपला नाही.

६. शब्दन् शब्द घोकू नकोस, पाठ केलेलं अडतं, आठवलेलं चालतं — "मग तो काय म्हणाला?" असं मध्येच विचारलं की घोकलेली गाडी तिथंच रुळावरून उतरते.

७. चूक विचारली तर खरी चूक सांग, आणि त्यानंतर काय बदललंस तेही. "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर कृपा करून नको — ते ऐकून आम्ही चहा मागवायचो.

८. एमपीएससीची दोन वर्षं लपवू नकोस, त्यांना सुट्टीही म्हणू नकोस. अभ्यासिकेत बसून दिवस कसा आखलास आणि परीक्षा सोडायचं कधी, का ठरवलंस ते शांतपणे सांग — तो तुझा निर्णय घेतल्याचा प्रसंगच आहे, आणि मराठवाड्यात त्याचं नवल कुणालाच नाही.

९. आधीच्या साहेबाची उणीदुणी काढू नकोस, तो कितीही तसा असला तरी — ऐकणारा मनात स्वतःला त्याच्या जागी बसवून बघतो.

१०. समोरचा मान खाली घालून लिहीत असला तर घाबरू नकोस — सगळ्यांना तेच प्रश्न विचारून उत्तरागणिक गुण द्यायचे असतात, म्हणून तो टिपून घेतोय.

११. इंग्रजी अडलं तर "हे मराठीत सांगू का?" असं सरळ विचार — नाही म्हणाले तरी श्वास घ्यायला वेळ मिळतो.

१२. नगर नाक्यापासून पुढच्या कोंडीचा हिशेब धरून तासभर आधी नीघ, आणि आषाढी एकादशी असेल तर आणखी आधी — त्या दिवशी वाळूजच्या छोट्या पंढरपूरला यात्रा असते, आणि विठ्ठलापुढे तुझ्या मुलाखतीला कोण विचारतो!

१३. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतील, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत काय काम असेल ते विचार. कंपनीची बस सिडकोत कुठं थांबते हे ऑफर लेटर हातात आल्यावर — आणि तेही आधी मलाच विचार, मला सगळे स्टॉप माहीत आहेत.