घटक ४ : कथनातील अंतर – वास्तवाभास आणि घटनासातत्य

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• कथाकाल आणि कथनकाल यांतील फरक सांगता येईल.
• वास्तवाभास आणि घटनासातत्य यांच्यातील ताण उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• व्हिडिओ गेम, ‘लीळाचरित्र’ आणि मराठी कादंबरी यांतील अंतराच्या योजनेची तुलना करता येईल.
• समीक्षालेखनात ‘वास्तवदर्शी’ हे विशेषण काटेकोरपणे वापरता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कादंबरीविषयी वाचकांच्या दोन तक्रारी आपण नेहमी ऐकतो. पहिली, ‘यात काही घडतच नाही.’ दुसरी, ‘असे कुठे घडते का?’ पहिल्या तक्रारीत घटनांची मागणी आहे, दुसरीत वास्तवाची. दोन्ही मागण्या एकाच वेळी पूर्ण करणे अवघड असते, कारण प्रत्यक्ष जीवनात लक्षणीय घटना विरळ असतात आणि त्यांच्यामध्ये लांबच लांब सामान्य दिवस पसरलेले असतात. लेखकाने या सामान्य दिवसांचे काय करावे, हा या घटकाचा विषय आहे.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आपण एका नव्या कथनप्रकाराचा, म्हणजे खुल्या जगाच्या भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमचा आधार घेणार आहोत. मराठीच्या अभ्यासक्रमात गेम कशासाठी, अशी शंका आपल्या मनात येईल. त्याचे कारण सोपे आहे. कादंबरीतील ‘अंतर’ ही कल्पना अमूर्त असते. गेममध्ये तेच अंतर किलोमीटरमध्ये आणि सेकंदांत मोजता येते. आपण असा गेम कधी खेळला नसला तरी पुढील विवेचन समजण्यात अडचण येणार नाही.

४.२ कथाकाल आणि कथनकाल

कथेतील घटनांना लागलेला काळ म्हणजे कथाकाल. त्या सांगायला किंवा वाचायला लागणारा काळ म्हणजे कथनकाल. फ्रेंच अभ्यासक जेरार झेनेत यांनी १९७२ मध्ये या दोहोंच्या संबंधाची पद्धतशीर मांडणी केली. त्यांनी कथनाच्या चार गती सांगितल्या. संवादासारख्या भागात दोन्ही काळ जवळपास सारखे असतात, तो प्रसंग. दहा वर्षे दोन वाक्यांत येतात, तो सारांश. वर्णन चालू असते आणि कथा थांबलेली असते, तो विराम. काळाचा एखादा तुकडा पूर्णपणे गाळला जातो, तो लोप.

यांपैकी लोप आपल्या लोकपरंपरेला अतिशय परिचित आहे. तमाशाच्या वगात राजा आणि प्रधान रंगमंचावर एक फेरी मारतात आणि दूरच्या नगरीत पोहोचतात. प्रेक्षक हरकत घेत नाहीत. वाट गाळली गेली आहे हे त्यांना ठाऊक असते आणि ते मान्यही असते. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी : कथनात अंतर किती दाखवायचे, हा कथनकर्ता आणि श्रोता यांच्यातील संकेताचा प्रश्न असतो.

४.३ मोजता येणारे अंतर

खुल्या जगाच्या गेममध्ये खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो आणि विस्तीर्ण प्रदेशात हवे तिकडे फिरतो. गावे, जंगले, डोंगर, भेटणारी माणसे आणि त्यांनी सांगितलेली कामे यांतून कथा उलगडते. वगातल्याप्रमाणे वाट गाळून टाकणे येथे तितकेसे सोपे नाही, कारण वाटेने स्वतः चालणे हाच या प्रकाराचा गाभा आहे.

आता एक उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळची लेणी सुमारे ३० किलोमीटरवर आहेत. ताशी पाच किलोमीटर वेगाने चालणाऱ्या माणसाला ही वाट सहा तासांची. हा रस्ता जसाच्या तसा गेममध्ये उतरवला, तर खेळणाऱ्याला सहा तास केवळ चालावे लागेल. दिवसभर नोकरी किंवा शेतीकाम करून रात्री तासभर मोकळा वेळ मिळणाऱ्या माणसाचा जवळजवळ एक आठवडा त्यात जाईल.

यावर गेमच्या रचनाकारांनी निरनिराळे उपाय योजले. १९९६ मधील ‘डॅगरफॉल’ या गेमने प्रदेश खरोखरच अवाढव्य ठेवला. त्याच्या विस्ताराची तुलना ग्रेट ब्रिटनशी केली जाते. एवढी भूमी हाताने घडवणे अशक्य असल्याने ती बहुतांशी संगणकीय नियमांनी तयार केली होती. त्यामुळे अंतर खरे वाटले, पण एक रान दुसऱ्या रानासारखे दिसू लागले. तेथे बहुतेक खेळणारे नकाशावर ठिकाण निवडून थेट तेथे पोहोचण्याच्या सोयीवर विसंबतात, म्हणजे लोपाचा आश्रय घेतात. याच मालिकेतील २०११ च्या ‘स्कायरिम’ने उलट मार्ग धरला. त्याचा प्रदेश साधारण ३७ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे जेमतेम सहा किलोमीटर बाजूचा चौरस. या मापाने आपण संभाजीनगरहून निघालो तर दौलताबादचा किल्लाही गाठणार नाही. तरीही त्यात एक संपूर्ण प्रांत आणि त्यातील अनेक नगरे सामावली आहेत. तेथील काळही आकसलेला आहे : आपला एक मिनिट म्हणजे तेथील वीस मिनिटे, त्यामुळे तेथील दिवस आपल्या ७२ मिनिटांत संपतो.

२०१५ मधील ‘द विचर ३’ या पोलिश गेमच्या रचनाकारांनी तर एक ठोकताळाच सांगितला आहे : खेळणाऱ्याच्या नजरेस सुमारे दर ४० सेकंदांनी लक्ष वेधणारे काहीतरी पडावे. हा ठोकताळा आपल्या वेरूळच्या वाटेला लावून पाहा. सहा तासांत ५४० लक्षवेधी गोष्टी! वेरूळचा रस्ता रोज तुडवणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. परंतु आकसलेल्या जगात हीच घनता स्वाभाविक भासते. याला आपण घटनासातत्य म्हणू.

४.४ घटनासातत्याची किंमत

घटनासातत्यामुळे कंटाळा टळतो आणि खेळणाऱ्याच्या वेळेचा मान राखला जातो. हा लाभ क्षुल्लक नाही. मात्र त्याची एक किंमत असते, आणि ती केवळ ‘हे खरे वाटत नाही’ एवढीच नाही.

जेथे प्रत्येक वळणावर काही ना काही मांडून ठेवलेले असते, तेथे जग नायकासाठी सजवलेले ठरते. दरोडेखोर नायक येईपर्यंत पुलावर उभे असतात. संकटातली स्त्री तो दिसताच हाक मारते. ‘स्कायरिम’मध्ये ड्रॅगनचे संकट सर्व प्रांतावर घोंघावत असते, तरीही नायकाने महिनोन्महिने वनस्पती गोळा करण्यात घालवले, तरी ते संकट मुख्य कथेच्या पुढच्या टप्प्यासाठी त्याची वाट पाहत राहते. म्हणजे बोलण्यात निकड असते, वागण्यात नसते. नायकाशिवाय या जगाचे काही चालत नाही. घटनांच्या गर्दीमुळे बिघडते ते मुख्यतः जग आणि माणूस यांचे नाते.

४.५ रिक्ततेची किंमत आणि तिचे काम

मग रिकामी वाट दाखवली की वास्तव आपोआप येते का? ‘डॅगरफॉल’च्या उदाहरणावरून त्याचे उत्तर नकारार्थी मिळते. एकसारखी रिक्तता हीदेखील खोटी असते, कारण खरी वाट कधी एकसारखी नसते. तीवर चढ असतो, सावली असते, पाण्याचे ठिकाण असते.

२०१८ मधील ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ हा चेक गेम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याची कथा १४०३ मधील बोहेमियात घडते आणि नायक हेन्री हा लोहाराचा मुलगा आहे. त्याला भूक लागते, झोप येते. आणि भाषेच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे असे की, त्याला वाचता येत नाही. पुस्तक उघडले की अक्षरे उलटसुलट झालेली दिसतात. त्याने एका लेखनिकाकडे जाऊन, वेळ देऊन शिकले पाहिजे. मग सरावाने शब्द हळूहळू स्थिर होतात. येथे ‘काही न घडण्याचा’ काळ वाया जात नाही. निरक्षर माणसाच्या दृष्टीने पुस्तक म्हणजे काय, हे खेळणारा त्या काळात अनुभवतो. शिवाय या गेममधील काही कामे वेळेत केली नाहीत तर त्यांचे परिणाम भोगावे लागतात. जग थांबत नाही.

२०१९ च्या ‘डेथ स्ट्रँडिंग’मध्ये तर ओझे पाठीवर घेऊन तोल सांभाळत चालणे हाच खेळ आहे. वाट रिकामी असली तरी प्रत्येक पाऊल निर्णयाचे असते. या दोन उदाहरणांवरून भेद स्पष्ट होतो : एक रिक्तता भरीची असते, दुसरी कार्यक्षम. जी रिक्तता अपेक्षा निर्माण करते, श्रम जाणवून देते किंवा पुढील घटनेला वजन देते, ती कथनाचाच भाग होय.

४.६ मराठी परंपरेतील दाखले

(अ) लीळाचरित्र : तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी भक्तांकडून मिळवून संकलित केल्या. पैठण आणि वेरूळ या आपल्या परिसरातील स्थळांशी हा ग्रंथ निगडित आहे. त्यातील काही लीळांत संवाद, दृष्टान्त आणि नाट्य आहे. परंतु काही लीळा इतक्या छोट्या आहेत की अमुक गावी वस्ती झाली, याहून फारसे काही त्यांत सांगितलेले नाही. घटनासातत्याच्या निकषावर त्या गाळाव्या लागतील. संकलनकर्त्याने त्या का राखल्या? कारण श्रद्धावान वाचकाला त्या मुक्कामाचे मोल घटनेमुळे येत नाही, तेथे कोण थांबले यामुळे येते. पुढे महानुभाव पंथात ‘स्थानपोथी’ तयार झाली व अशा स्थानांचे तपशील नोंदले गेले. गेममधील नकाशावरही ठिकाणांच्या खुणा असतात. पण तेथील खूण ‘येथे काही मिळेल’ असे सांगते, तर स्थानपोथीतील नोंद ‘येथे कोणी येऊन गेले’ असे सांगते. पहिल्या खुणेत जग पुढे येणाऱ्यासाठी राखलेले आहे. दुसरीत जग आपल्याआधीही होते, याची जाणीव आहे.

(आ) मुक्तामाला : लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ही अद्भुतरम्य कादंबरी १८६१ ची. संकटे, वियोग आणि योगायोग यांच्या साखळीने ती वाचकाला पुढे नेते. घटनासातत्याचे हे आरंभीचे मराठी उदाहरण.

(इ) पण लक्षात कोण घेतो! : हरि नारायण आपटे यांची ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आली. क्रमशः प्रसिद्धीत वाचकाला पुढील अंकापर्यंत बांधून ठेवणे आवश्यक असते. तरीही आपट्यांनी यमूच्या घरातील रोजच्या बारीकसारीक गोष्टींना भरपूर जागा दिली. हे तपशील साचत जातात, म्हणूनच पुढील आघात वाचकाला असह्य होतात. संथपणा येथे कार्यक्षम आहे.

(ई) कोसला : भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या या कादंबरीत पांडुरंग सांगवीकरचे निरुद्देश दिवस हाच आशय होतो. रिकामा काळ दोन घटनांमधला दुवा न राहता अनुभवाच्या केंद्रस्थानी येतो.

४.७ ‘वास्तवदर्शी’ म्हणताना

उत्तरपत्रिकांत ‘ही कादंबरी वास्तवदर्शी आहे’ हे वाक्य फार वेळा येते आणि बहुधा त्यामागे कारण दिलेले नसते. तपशील पुष्कळ आहेत किंवा गती संथ आहे, एवढ्याने कृती वास्तवदर्शी ठरत नाही. तसेच घटना पुष्कळ आहेत म्हणून ती अवास्तवही ठरत नाही. दुष्काळात, दंगलीत किंवा साथीच्या काळात घटना खरोखरच एकामागून एक कोसळतात. म्हणून पुढील तीन प्रश्न विचारावेत :

१. नायक नसताना या कथेतील जगाचे काही चालू असते का?
२. केलेल्या आणि न केलेल्या कृतीचे परिणाम तेथे टिकतात का?
३. गाळलेला काळ आणि दाखवलेला काळ यांची निवड कोणत्या हेतूने झाली आहे?

या प्रश्नांची उत्तरे संहितेतील दाखल्यांसह देता आली, तरच ‘वास्तवदर्शी’ या शब्दाला अर्थ येतो. कथनातील वास्तव हे अंतराच्या लांबीवर ठरत नाही. जगाच्या स्वायत्ततेवर ठरते.

४.८ सारांश

प्रत्येक कथनाला काळाची निवड करावी लागते. घटनासातत्य वाचकाच्या वेळेचा मान राखते, पण जगाला नायकाभोवती फिरवते. केवळ रिक्तता वास्तव देत नाही. ती कार्यक्षम असावी लागते. वगातील फेरी, लीळाचरित्रातील वस्ती, यमूचे घर आणि गेममधील वाट ही एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

४.९ पारिभाषिक शब्द

कथाकाल : कथेतील घटनांचा काळ. कथनकाल : सांगण्याचा वा वाचण्याचा काळ. लोप : काळाचा भाग गाळणे. घटनासातत्य : लक्षवेधी घटनांची अखंड योजना. वास्तवाभास : कृतीतील जग खरे असल्याचा प्रत्यय. स्वायत्तता : जगाने स्वतःच्या नियमांनी चालणे.

४.१० स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. झेनेत यांनी सांगितलेल्या कथनाच्या चार गती सोदाहरण लिहा.
२. ‘घटनासातत्यामुळे जग नायकासाठी सजवलेले ठरते’ या विधानाची चर्चा करा.
३. भरीची रिक्तता आणि कार्यक्षम रिक्तता यांतील फरक एका मराठी कादंबरीच्या आधारे स्पष्ट करा.

४.११ स्वाध्याय

आपण नेहमी जाता-येता त्या एखाद्या वाटेचे तीन प्रकारे लेखन करा : एका वाक्यात, दर शंभर शब्दांत एक घटना घालून, आणि एकही घटना न घालता. तिन्ही लेखनांत आपली वाट कोठे अधिक खरी वाटते आणि का, हे शेवटी पाच-सहा ओळींत नोंदवा. संपर्कसत्राला येताना हे लेखन सोबत आणावे.