प्रयोगशाळेच्या भंगारातून कोरीवकामाचे सीएनसी यंत्र

शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांतील जुनी उपकरणे डेड स्टॉक म्हणून लिलावात निघतात. खामगाव, मलकापूर, चिखलीकडील आपले भंगारवाले बांधव असा माल घेतात, फोडतात आणि पितळ, लोखंड वेगळे करून किलोने विकतात. आमचे म्हणणे एवढेच की, हातोडा उचलण्यापूर्वी माल नीट पाहावा. त्यात कधी कमाई असते, तर कधी जिवाला धोका.

प्रथम धोक्याविषयी. दिल्ली विद्यापीठाने फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात विकलेले गॅमा किरणांचे जुने उपकरण मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले. आतील कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर अनेक जण आजारी पडले. म्हणून तीन पात्यांचे किरणोत्साराचे चिन्ह किंवा शिशाची जड पेटी दिसल्यास हात लावू नये. लोकांना दूर करून पोलिसांना कळवावे. पारा असलेली उपकरणेही फोडू नयेत.

आता कमाईकडे वळू. सीएनसी म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे हत्यार फिरवणारे यंत्र. आकड्यांवर चालणारी मिलिंग मशीन १९५२ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत दाखवण्यात आली. आज तेच काम आर्डुइनोचा तळहाताएवढा बोर्ड आणि ग्रबल हा मोफत प्रोग्राम करतो. महाग पडतात ते अचूक सरकणारे भाग, आणि तेच या भंगारात सापडतात.

१) काय काढावे : सिरिंज पंप आणि मोटरवर चालणारा सूक्ष्मदर्शकाचा मंच यांतून स्टेपर मोटर, आट्यांचा स्क्रू, नट व सरकपट्टी मिळते. स्क्रू व नट जोडीनेच ठेवावेत.

२) मोटरची परीक्षा : चार तारांपैकी दोन एकत्र जोडून दांडा फिरवावा. तो जड झाला, तर त्या तारा एकाच गुंडाळीच्या.

३) जुळणी : दोन सरकपट्ट्या आडव्या, एकमेकींशी काटकोनात, तिसरी उभी, तिच्यावर कोरणारी लहान मोटर. काटकोन गुण्या लावून पाहावा. प्रत्येक स्टेपर मोटरला वेगळा ड्रायव्हर लागतो.

४) हिशोब : मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे ८ भाग करत असेल, तर १,६०० होतात. स्क्रू एका फेऱ्यात २ मिलिमीटर सरकवत असेल, तर दर मिलिमीटरला ८०० पावले. हाच आकडा ग्रबलमध्ये भरावा.

५) ढिलाई : मंच पुढे-मागे नेऊन डायल गेजने पाहावे. नट झिजलेला असेल, तर अक्षरे वाकडी येतात.

असे यंत्र लहानच असते. पोलाद कापण्याची आशा धरू नये. पण पितळी पाट्या, ॲक्रिलिक, चांदीच्या सपाट वस्तू यांवर नाव व नक्षी कोरता येते. खामगाव तर चांदीच्या बाजारासाठी प्रसिद्धच आहे. भंगारवाला आणि भांड्यांवर नावे घालणारा कारागीर भागीदारीत आले, तर दोघांचा फायदा.

शिकण्याची लाज वाटू नये. पुणे जिल्ह्यातील पाबळ या खेड्यात विज्ञान आश्रमाने एमआयटीच्या सहकार्याने २००२ साली फॅब लॅब सुरू केली. खेड्यात ही विद्या रुजू शकते, तर आपल्या मोहल्ल्यात का नाही?

शेवटी दोन गोष्टी. लिलावाची पावती जपून ठेवावी. आणि यंत्र विकताना त्यातील ऐब ग्राहकाला आधी सांगावा. आपला दीन हेच शिकवतो. अशा व्यवहारात, इन्शाअल्लाह, बरकत आहे.