लाकडातील काळ : जपानच्या मंदिरांतून एकटीने केलेला एक अभ्यासप्रवास

जपानमध्ये पहिल्यांदाच जाणाऱ्या प्रवाशाने मंदिराच्या दारातील माहितीची पाटी सावकाश वाचावी. तीवर बहुधा दोन सन आढळतात. एक मंदिराच्या स्थापनेचा, दुसरा समोर उभ्या असलेल्या वास्तूचा. या दोहोंत कधी दोन-तीनशे, तर कधी तेराशे वर्षांचे अंतर असते. लेण्यांच्या आणि दगडी देवळांच्या मुलखातून गेलेल्या माणसाला ते अंतर खटकते. ‘म्हणजे हे खरे जुने नव्हेच तर!’ असे मन म्हणू लागते. तोक्यो, इसे, नारा आणि क्योतो असा बारा दिवसांचा प्रवास मी एकटीने केला, तेव्हा माझेही असेच होत होते. ‘जुने’ या शब्दाने आपण नेमके काय म्हणतो, हा त्यातून निघालेला प्रश्न प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे.

एकटीच्या प्रवासाची काळजी करणाऱ्यांसाठी दोन शब्द आधी सांगून टाकते. जपानमध्ये एकट्याने फिरणे अवघड नाही. शहरांतील भुयारी रेल्वेच्या स्थानकांना अक्षर आणि आकडा दिलेला असतो, त्यामुळे लिपी न येणाराही वाट चुकत नाही. १९६४ साली सुरू झालेली शिनकानसेन ही वेगवान गाडी तोक्योहून क्योतोला सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचवते. अडचण येते ती शाकाहारी माणसाच्या जेवणाची. वरकरणी भाजीच्या दिसणाऱ्या सुपातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. त्यावर उपाय मंदिरांनीच करून ठेवला आहे. बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतले ‘शोजिन’ जेवण पूर्ण शाकाहारी असते; महाग असते, पण एकदा तरी जेवावे. असो.

तोक्योतील सेन्सोजी हे त्या शहरातील सर्वांत जुने मंदिर. (नावाच्या शेवटी येणारा ‘जी’ म्हणजे मंदिर, आपला आदरार्थी ‘जी’ नव्हे.) इ. स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत जाळे टाकणाऱ्या दोघा कोळी भावांना कान्नोनची मूर्ती सापडली, अशी येथील स्थापनेची कथा आहे. ती मूर्ती कोणालाही दाखविली जात नाही. मुख्य मंदिर मार्च १९४५ मधील बॉम्बहल्ल्यात जळाले आणि १९५८ साली पुन्हा उभे राहिले, तेही सिमेंट काँक्रीटमध्ये! इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे काय पाहावे असा प्रश्न पडतो. पण पायऱ्यांवर पाच मिनिटे उभे राहिले की धुपाच्या मोठ्या पात्रापाशी माणसे धूर हातांनी ओढून डोक्यावर, गुडघ्यावर, पाठीवर घेताना दिसतात. त्यांना काँक्रीटची अडचण वाटत नाही. ज्या कान्नोनपुढे ती हात जोडतात तो आपल्याला परका नाही. तो अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी तोच. जपानी मंदिरांत त्याचे अकरा मुखांचे रूप जागोजागी भेटते, आणि कान्हेरीच्या एक्केचाळिसाव्या लेण्यातही अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. बोरिवलीहून तासाभरात जाता येते, पण आपल्यापैकी कितीजणांनी तो पाहिला असेल?

इसे येथे हा प्रश्न अधिकच बिकट होतो. हे बौद्ध मंदिर नव्हे. सूर्यदेवता अमातेरासूचे शिंतो देवस्थान आहे. येथील मुख्य मंदिर दर वीस वर्षांनी पूर्णपणे नवे बांधतात. शेजारी तेवढीच मोकळी जागा राखलेली असते. नवे मंदिर त्या जागेवर उभे करतात, देवता तेथे नेतात आणि जुने मंदिर उतरवितात. ही प्रथा इ. स. ६९० पासूनची मानली जाते. मध्ययुगीन यादवीच्या काळात शंभराहून अधिक वर्षे तिच्यात खंड पडला होता. बासष्टावे नवनिर्माण २०१३ साली झाले, पुढचे २०३३ साली व्हावयाचे आहे. यामागे जसा शुचितेचा विचार आहे, तसे बांधणीचे साधे कारणही आहे. हिनोकीचे खांब पायाच्या दगडावाचून थेट जमिनीत पुरलेले, छप्पर गवताचे. अशी वास्तू पावसाळी हवेत फार काळ टिकणारच नाही.

यात्रेकरूला कुंपणाआडून छपराचा वरचा भाग तेवढा दिसतो. मला आधी वाटले, एवढ्यासाठी इतक्या दूर यावे काय? परंतु वीस वर्षांच्या हिशेबाचा विचार करीत गेले तेव्हा तो विलक्षण वाटू लागला. एखादा सुतार पहिल्या खेपेस उमेदवार म्हणून लाकूड धरतो, दुसऱ्या खेपेस मुख्य कारागीर होतो आणि आयुष्याने साथ दिली तर तिसऱ्या खेपेस कोपऱ्यात बसून धाकट्यांच्या चुका काढतो. अंतर पन्नास वर्षांचे असते, तर ही साखळी केव्हाच तुटली असती. देवतेची वस्त्रे, शस्त्रे आणि उपकरणी अशा शेकडो प्रकारच्या वस्तूही त्याच वेळी पुन्हा घडवितात, त्यामुळे त्या त्या कला जिवंत राहतात. उतरविलेले लाकूडही वाया जात नाही. मुख्य मंदिराचे मोठे खांब पुढे उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोरींत, म्हणजे तोरणासारख्या कमानींत, वापरले जातात. इतर लाकूड अन्य देवस्थानांना जाते. येथे लाकूड वीस वर्षांचे आहे आणि रीत तेराशे वर्षांची. जुने कोणते म्हणावे?

नारा येथील तोदाईजी मंदिरात एका वयोवृद्ध स्वयंसेवक मार्गदर्शकाला मी विचारले, “हे सभागृह केव्हाचे?” त्याने शांतपणे उलट विचारले, “कोणत्या खेपेचे?” प्रश्न वाजवी होता. महाबुद्धाचे हे सभागृह आठव्या शतकात बांधले, ११८० मध्ये युद्धात जळाले, पुन्हा बांधले, १५६७ मध्ये पुन्हा जळाले. आजची वास्तू १७०९ सालची. ती जगातील प्रचंड लाकडी वास्तूंपैकी एक असली, तरी मूळ सभागृहाच्या सुमारे दोन तृतीयांश रुंदीचीच आहे. एवढ्या जाडीचे वृक्ष तोवर मिळेनासे झाले होते, म्हणून खांब लाकडाचे तुकडे जोडून आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळून केलेले आहेत. जंगलतोडीचा इतिहास कोणी लिहीत असेल, तर त्याने हे खांब अवश्य पाहावेत.

याच बुद्धमूर्तीचे नेत्रोन्मीलन इ. स. ७५२ मध्ये झाले, तेव्हा मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखाटणारा भिक्षू भारतीय होता. त्याचे नाव बोधिसेन. तो ७३६ साली जपानला पोहोचला आणि परत आला नाही. त्याच्या हातातील कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचे पुण्य सर्वांनाच! तो कुंचला आणि ती दोरी नारा येथील शोसोइन या भांडारात आजही जतन केलेली आहे. मूर्ती दोनदा आगीत सापडली आणि दुरुस्त झाली. तिचे आजचे मस्तक सतराव्या शतकातील आहे. बोधिसेनाने रेखलेले डोळे उरले नाहीत. कुंचला मात्र उरला.

क्योतोविषयी थोडक्यातच लिहिते, कारण तेथील किंकाकुजी, म्हणजे सुवर्णमंडप, सर्वांनी चित्रांत पाहिलेला असतो. १९५० साली एका तरुण भिक्षूने तो जाळला. १९५५ मध्ये तो तसाच पुन्हा बांधला. त्या घटनेवर मिशिमाने कादंबरी लिहिली. मला हा मंडप फार चकचकीत वाटला. त्याहून सान्जूसान्गेन्दोच्या लांबलचक दालनात मन अधिक रमले. तेथे सहस्रभुज कान्नोनच्या १००१ मूर्ती रांगांनी उभ्या आहेत. त्यांपैकी १२४ मूर्ती १२४९ च्या आगीतून वाचलेल्या, बाकीच्या त्यानंतर घडविलेल्या. पुढच्या रांगेत २८ परिचर देवता आहेत. त्यांत बासरी वाजविणारा गरुड आणि काठीला टेकलेला हाडकुळा वसू ऋषी पाहून परदेशात एखादा नातलग अचानक भेटावा तसे वाटले.

एवढे सर्व वाचून जपानी लोकांना मूळ वस्तूचे मोल नाही, रीत टिकली की झाले, असे कोणी म्हणेल. काही लेखक तसे म्हणतातही. ते मला पटत नाही. नाराजवळचे होर्यूजी त्याला उत्तर आहे. राजपुत्र शोतोकूने ६०७ च्या सुमारास स्थापिलेले हे मंदिर ६७० मध्ये जळाले आणि आठव्या शतकाच्या आरंभापर्यंत पुन्हा उभे राहिले. तेव्हापासून त्याचे सुवर्णसभागृह आणि पाच मजली पॅगोडा उभे आहेत. जगातील सर्वांत जुन्या लाकडी वास्तू त्याच. पॅगोड्याच्या मधल्या खांबाचा वृक्ष इ. स. ५९४ मध्ये तोडलेला, हे लाकडातील वर्षवलयांवरून सिद्ध झाले आहे. सुवर्णसभागृहाच्या भिंतींवर अजिंठ्याच्या रेषेची आठवण देणारी चित्रे होती. २६ जानेवारी १९४९ रोजी, त्यांच्या नकला करण्याचे काम चालू असतानाच, तेथे आग लागली आणि ती होरपळून निघाली. सारा देश हळहळला. पुढच्याच वर्षी सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा झाला आणि २६ जानेवारी हा दिवस १९५५ पासून वारसावास्तूंच्या अग्निप्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळला जातो. भिंतींवर आज नव्या प्रतिकृती आहेत, पण करपलेले खांब आणि भिंती फेकून दिलेल्या नाहीत. त्या वेगळ्या इमारतीत जपून ठेवल्या आहेत. रीतच सर्वस्व असती, तर जळका कोळसा कोणी जपला असता?

आपल्याकडेही लाकडाचा काळ होता, आणि दगडाने त्याची नक्कल केली. भाज्याच्या चैत्यातील दगडी बांधणी सरळसरळ सुतारकामाची आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर छताच्या खाली मूळ सागवानी कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या खडकाच्या पोटात, पाऊसवाऱ्यापासून दूर राहिल्या. होर्यूजीचे लाकूड उघड्या हवेत उभे आहे आणि दर काही पिढ्यांनी सुतार ते उतरवून, कुजलेला तुकडा बदलून, पुन्हा बसवीत आले आहेत. पुढच्या सहलीला कार्ल्याला गेलात, तर शिल्पे पाहून झाल्यावर मान वर करून त्या कमानींकडेही पाहा.