भ्यालेल्या घोड्याची नाडी

टांग्यास जुंपून झिजलेला, मारानें भेदरलेला घोडा कोणी दयाळू गृहस्थ कधीं घरीं आणतो. मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरविल्यावर अशा घोड्यांचें पुढें काय, हा प्रश्न त्या शहरासहि पडला. असें जनावर पशुवैद्याकडे कसें न्यावें, हें आपण पाहूं.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असतात. त्यास जवळजवळ चोहोंकडचें दिसतें. अगदीं पाठीमागचें मात्र दिसत नाहीं. म्हणून हलकेंच बोलत, खांद्याच्या बाजूनें जवळ जावें.

आतां मुख्य गोष्ट. विसावलेल्या निरोगी घोड्याच्या नाडीचे मिनिटास सुमारें २८ ते ४४ ठोके पडतात. पोटशुळानें ते वाढतात, आणि नुसत्या भयानेंहि वाढतात. मग दवाखान्याच्या दारांत थरथरणाऱ्या घोड्याची नाडी पाहून वैद्यानें काय समजावें? यास्तव निघण्यापूर्वीं, तबेल्यांत घोडा शांत असतां, खालच्या जबड्याच्या आंतल्या कडेस बोटें टेकून ठोके मोजावे व लिहून ठेवावे. आमच्या मतें येथें घड्याळच हवें. अंदाज कामाचा नाहीं. घोड्यास ओकतां येत नाहीं, म्हणून पोटशूळ उठल्यास वाट न पाहतां वैद्यासच घरीं बोलवावें.

नागपुरास १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आमच्या कारंज्याहून तिकडे न्यावयाचें तर महामार्गानें मालमोटारींतून जाणें आलें. अंधाऱ्या गाडींत घोडा सहसा चढत नाहीं. ओढल्यास अधिकच बिथरतो. निकड नसल्यास आधीं कांहीं दिवस उभ्या गाडींत चारा ठेवून त्यास चढउतार करण्याची संवय लावावी. पोहोंचतांच टिपलेले आकडे वैद्याच्या हातीं द्यावे.