आधी विमान की आधी हॉटेल? परदेश प्रवासाच्या बुकिंगचा क्रम

लोणावळ्यात राहणाऱ्याला हॉटेल बुकिंग वेगळं शिकवायला नको. जुलैतला शनिवार, भुशी धरणावर गर्दी आणि संध्याकाळी "एखादी रूम आहे का हो?" असं विचारत गावभर फिरणाऱ्या गाड्या आपण दरवर्षी बघतो. इथे येणाऱ्याची गाडी स्वतःची असते, तुटवडा असतो तो खोलीचा. म्हणून तो आधी खोली बघतो, आणि ते बरोबरच आहे. हीच सवय घेऊन आपण परदेशाचं नियोजन करायला बसलो, तर मात्र गणित फसतं. तिथे विमानाचे दर सतत बदलतात, स्वस्तातलं तिकीट रद्द केलं तर पैसे बहुधा बुडतात, आणि या दोन्हींच्या मध्ये व्हिसा नावाचं फाटक असतं.

आपण एक उदाहरण घेऊ. मावळ म्हणजे गुलाबाचा तालुका. पवन मावळातली पॉलिहाऊस आणि तळेगावचं फ्लोरिकल्चर पार्क आपल्याला माहीत आहे. समजा, इथल्या एका गुलाब उत्पादक जोडप्याला हॉलंडमधला आल्समेरचा फुलांचा लिलाव बघायचा आहे. व्हॅलेंटाइन डेच्या तोडणीत शेत सोडता येत नाही, म्हणून त्यांनी एप्रिल ठरवला. आता त्यांनी आधी काय बुक करावं?

आधी ठरलेल्या तारखा शोधा

आल्समेरचा लिलाव भल्या सकाळी चालतो आणि शनिवार-रविवारी बंद असतो. क्युकेनहॉफची ट्युलिपची बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. २७ एप्रिलला तिथे राजाचा वाढदिवस साजरा होतो, त्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये खोल्या मिळणं अवघड आणि दर चढे. म्हणजे विमान किंवा हॉटेल बघण्याआधीच कळलं, की सोमवार ते शुक्रवारमधली एक सकाळ आल्समेरसाठी राखायची आणि २७ तारीख टाळायची. हे कागदावर न लिहिता ॲप उघडून बसणं म्हणजे वाफसा न बघता पेरणी करण्यासारखं आहे.

मग रात्री मोजा

हॉलंड शेंगेन गटात येतं. या गटातल्या एका देशाच्या व्हिसावर बाकीचे देशही फिरता येतात. पण अर्ज कुठे करायचा, याचा नियम आहे: ज्या देशात सर्वात जास्त मुक्काम, त्या देशाकडे. मुक्काम सारखाच असेल, तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. आपल्या जोडप्याने हॉलंडमध्ये ३ रात्री आणि "आलोच आहोत तर पॅरिस पण" म्हणत तिथे ४ रात्री धरल्या, तर अर्ज फ्रान्सकडे जातो! म्हणून हॉटेलचे पैसे नंतर भरा, पण कोणत्या गावात किती रात्री, हे सगळ्यात आधी ठरवा.

पैसे कुठे अडकतात?

शेंगेनच्या अर्जाला राहण्याचा पुरावा, जाण्या-येण्याच्या प्रवासाचं आरक्षण आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. इथेच बहुतेकांची गडबड होते. 'आरक्षण' म्हणजे पूर्ण पैसे भरून काढलेलं तिकीट असं नाही. व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटाचे पैसे भरू नयेत, असं अनेक दूतावास स्वतःच सांगतात. प्रौढ व्यक्तीची व्हिसा फी ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही.

आता हिशोब मांडून बघा. समजा, दोघांची विमानाची तिकिटं १,२०,००० रुपयांची, परत न मिळणारी. हॉटेल ६०,००० रुपयांचं, तीन दिवस आधीपर्यंत मोफत रद्द होणारं. व्हिसा नाकारला गेला, तर हॉटेलचे शून्य रुपये जातात. तिकिटाचे मात्र विमानतळ शुल्कासारखी थोडी रक्कम सोडली तर जवळपास सगळे जातात.

म्हणून व्हिसा लागणाऱ्या देशासाठी क्रम असा: मोफत रद्द होणारं हॉटेल, विमानाचं पैसे न अडकवणारं आरक्षण, व्हिसाचा अर्ज, आणि व्हिसा मिळाल्यावर पक्कं तिकीट. काही विमान कंपन्या थोडी रक्कम घेऊन दर काही काळ धरून ठेवतात, ते चालतं. "नुसता पीएनआर बनवून देतो" म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. खोटं आरक्षण तपासात सापडलं, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला नेहमी १५ दिवस, पण ४५ दिवसांपर्यंतही लागू शकतात. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. एप्रिलला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत अर्ज केलेला बरा, म्हणजे व्हिसा आल्यावर तिकिटाचे दर बघायला वेळ उरतो.

मग विमान आधी कधी?

व्हिसाची अडचण नसेल तेव्हा. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, विमानाने जाताना निवडणूक ओळखपत्रही चालतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या काढता येतो. अशा ठिकाणी विमान आधी बघावं, कारण विमान कधी उतरणार यावर हॉटेलच्या रात्री ठरतात. उलटं केलं, की रविवारी रात्री पोहोचणारे लोक शनिवारच्या खोलीचे पैसे भरून बसतात.

बोरघाट आणि तारखेची गंमत

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर उडतात. तिकिटावर १२ तारीख, पहाटे २ वाजता असं लिहिलं असेल, तर घरातून ११ तारखेला संध्याकाळीच निघायचं. हे वाचून हसू येईल, पण ही चूक शिकलेली माणसंही करतात. युरोपला गेलेलं असं थेट विमान १२ तारखेच्या सकाळीच पोहोचतं, आणि खोली बहुतेक ठिकाणी दुपारी २-३ च्या आधी मिळत नाही. सकाळी थेट खोलीत जायचं असेल तर ११ तारखेची रात्रही बुक करावी लागते. नाहीतर बॅगा हॉटेलात ठेवून फिरायला निघा. मला विचाराल तर दुसरं बरं.

त्यात आपला घाट. रविवारी संध्याकाळी सगळी मुंबई लोणावळ्याहून परत निघते, आणि तुम्हालाही त्याच दिशेने जायचं असतं. रविवार-सोमवारच्या मधल्या रात्रीचं विमान दोन हजार रुपयांनी स्वस्त दिसलं, तरी घाटात अडकलेल्या तासांचा विचार करूनच घ्या.

हॉटेल रद्द करण्याची शेवटची वेळ बहुधा तिथल्या घड्याळाप्रमाणे असते, हेही लक्षात ठेवा. हॉलंड आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीच्या दरावर १२.५ टक्के पर्यटन कर आहे, तो दाखवलेल्या किमतीत धरला आहे का, तेही बघा. आणि पक्कं तिकीट काढताना नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. लग्नानंतर आधारवर नवं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं, असं आपल्याकडे सर्रास असतं. अशा वेळी पासपोर्टवरचंच नाव धरायचं.

स्वाध्याय

१. कामशेतच्या एका कुटुंबाला मे महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये ४ आणि इटलीत ४ रात्री राहायचं आहे. विमान रोमला उतरतं. दोन्ही देश शेंगेन गटातले आहेत. व्हिसाचा अर्ज कोणाकडे करावा? कारण लिहा.
२. तिकिटावर ३ मे, रात्री १२.४० अशी वेळ आहे. लोणावळ्यातून कोणत्या तारखेला आणि किती वाजता निघाल? त्या दिवशी वार कोणता आहे, हे कॅलेंडरमध्ये बघून उत्तर लिहा.