सहा देशांचा आगगाडीचा प्रवास कसा आखावा?

१८७६ सालची गोष्ट. सँडफर्ड फ्लेमिंग हे कॅनडातील रेल्वे-अभियंते आयर्लंडमध्ये प्रवास करीत होते. वेळापत्रकात त्यांच्या गाडीची वेळ संध्याकाळी ५ वाजून ३५ मिनिटे अशी छापली होती. ते वेळेवर स्थानकावर हजर झाले. गाडी मात्र पहाटे ५.३५ लाच निघून गेली होती! छापण्यातली एवढीशी चूक, पण तिने फ्लेमिंगना विचार करायला लावले. दिवसाचे तास १ ते १२ असे दोनदा का मोजायचे? सरळ २४ तास का मोजू नयेत? आणि साऱ्या जगाला मिळून एकच वेळ का असू नये? पुढे १८८४ साली वॉशिंग्टन येथील परिषदेत ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानले गेले, त्यामागे फ्लेमिंग यांच्यासारख्यांचा आग्रह होता.

गाडी चुकणे ही साधी बाब वाटते. परंतु प्रवास अनेक देशांतून असेल, तर एक गाडी चुकली की पुढचे सारेच वेळापत्रक कोसळते. म्हणून असा प्रवास आखणे हे एक छान गणितच आहे. चला, आपण एक प्रवास कागदावर आखू या.

आपला मार्ग

लंडनहून निघायचे आणि लिथुएनियाची राजधानी व्हिल्नियस येथे पोहोचायचे. युरोपचा नकाशा समोर घ्या. लंडनहून सुटलेली गाडी समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्समध्ये शिरते. १९९४ साली सुरू झालेला हा बोगदा सुमारे ५० किलोमीटर लांब असून त्यातील ३८ किलोमीटर समुद्रतळाखाली आहेत. तीच गाडी बेल्जियममधील ब्रुसेल्सला नेते. तेथे गाडी बदलून जर्मनीतील कोलोन, तेथे पुन्हा बदलून बर्लिन. बर्लिनहून पोलंडची राजधानी वॉर्सा आणि वॉर्साहून व्हिल्नियस. देश झाले सहा. आता अडचणी एकेक करून पाहू.

पहिली अडचण : घड्याळ

समजा, हिवाळ्याच्या दिवसांत लंडनची गाडी ९.०० वाजता सुटते आणि ब्रुसेल्सला १२.०५ ला पोहोचते. (या लेखातील वेळा उदाहरणासाठी घेतल्या आहेत.) प्रवास किती झाला? तीन तास पाच मिनिटे म्हणाल तर फसाल! ब्रुसेल्सचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. खरा प्रवास दोन तास पाच मिनिटांचाच.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. ब्रुसेल्स सुमारे साडेचार अंश पूर्वेला आहे. त्या हिशेबाने सूर्य तेथे लंडनपेक्षा जेमतेम १८ मिनिटे आधी डोक्यावर येतो. व्हिल्नियस सुमारे २५ अंश पूर्वेला आहे. तेथील सूर्य १०० मिनिटे पुढे, पण घड्याळ मात्र १२० मिनिटे पुढे. सूर्य ठरवतो एक आणि देश ठरवतात दुसरे! आपल्या मुंबईचेही असेच होते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाल्यानंतरही शहरात कित्येक वर्षे ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' चालत होती. ती १९५५ साली संपली.

यावर उपाय सोपा आहे. वहीत दोन रकाने आखा. एकात स्थानिक वेळ लिहा, दुसऱ्यात ग्रीनिचची वेळ. हिवाळ्यात ब्रुसेल्स, बर्लिन आणि वॉर्सा यांच्या वेळेतून १ तास वजा करायचा, व्हिल्नियसच्या वेळेतून २ तास. वॉर्साहून गाडी ७.४० ला सुटून व्हिल्नियसला १७.४० ला पोहोचते असे समजा. ग्रीनिचच्या रकान्यात ६.४० आणि १५.४० असे आकडे येतील. प्रवास दहा तासांचा दिसला, तरी आहे नऊ तासांचा.

आणखी एक लक्षात ठेवा. हे सर्व देश मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे करतात. शिवाय युरोपातील रेल्वेचे नवे वेळापत्रक डिसेंबरच्या मध्यावर लागू होते. म्हणून नोव्हेंबरात पाहिलेल्या वेळेवर जानेवारीत विसंबून राहू नये.

दुसरी अडचण : रूळ आणि वीज

लंडनपासून वॉर्सापर्यंत आपल्या मार्गावर दोन रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर आहे. लिथुएनिया मात्र एकेकाळी रशियन साम्राज्यात होता. त्यामुळे तेथे रशियन पद्धतीचे रूळ पडले आणि तेथील बहुतेक मार्गांवर हे अंतर १५२० मिलिमीटर आहे. फरक अवघा ८५ मिलिमीटरचा, तरी एका मार्गाची चाके दुसऱ्या मार्गावर चालत नाहीत.

तुम्ही म्हणाल, तिसरा रूळ टाकावा! आपल्याकडे ब्रॉडगेज १६७६ आणि मीटरगेज १००० मिलिमीटरचे. फरक मोठा असल्यामुळे तेथे मध्ये तिसरा रूळ बसू शकतो. पण रुळाचा खालचा पायाच साधारण १५० मिलिमीटर रुंद असतो. ८५ मिलिमीटरच्या जागेत दोन रूळ शेजारी शेजारी मावणार कसे? म्हणून वॉर्साहून येणारे प्रवासी लिथुएनियाच्या हद्दीतील मोकावा या छोट्या स्थानकावर उतरतात आणि दुसऱ्या गाडीत बसतात. ही सोय डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा दिवसातून अशी एकच फेरी होती. मनमाडला पूर्वी ब्रॉडगेजच्या गाडीतून उतरून मीटरगेजच्या गाडीत बसावे लागे, तसाच हा प्रकार. वॉर्सापासून टॅलिनपर्यंत १४३५ मिलिमीटरचा सलग मार्ग करण्याचे 'रेल बाल्टिका' नावाचे काम सुरू आहे. ते पुरे झाले की ही उतरचढ वाचेल.

विजेचीही तऱ्हा निराळी. बेल्जियमच्या जुन्या मार्गांवर ३,००० व्होल्ट एकदिश प्रवाह, जर्मनीत १५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती, पोलंडमध्ये पुन्हा ३,००० व्होल्ट एकदिश. मुंबईकडे पूर्वी १,५०० व्होल्ट एकदिश आणि इगतपुरीपुढे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह असे, म्हणून इगतपुरीला इंजिन बदलत. आता निरनिराळ्या दाबांवर चालणारी इंजिने आली आहेत, त्यामुळे विजेसाठी प्रवाशाला खोळंबावे लागत नाही. रुळांसाठी मात्र उतरावेच लागते.

तिसरी अडचण : पुढची गाडी मिळेल का?

आता गणिताचा खरा गाभा. समजा, आपण लंडनहून निघून एकाच दमात वॉर्सा गाठायचे ठरवले. वाटेत ब्रुसेल्स, कोलोन आणि बर्लिन अशा तीन ठिकाणी गाडी बदलावी लागेल. प्रत्येक ठिकाणी पुढची गाडी मिळण्याची शक्यता १०० पैकी ९० आहे असे धरू. हे प्रमाण चांगलेच वाटते, नाही का? पण तिन्ही ठिकाणी गाडी मिळाली तरच बेत पार पडणार. म्हणून शक्यतांचा गुणाकार करावा लागतो :

०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९

म्हणजे असा प्रवास करणाऱ्या हजारांपैकी २७१ जण कोठे ना कोठे अडकणार! प्रत्यक्षात एका गाडीचा उशीर दुसरीलाही भोवतो, त्यामुळे हिशेब इतका सरळ नसतो. तरीही मुद्दा स्पष्ट आहे. साखळी जितकी लांब, तितकी ती तुटण्याची भीती जास्त.

मग काय करावे? साखळी मध्ये तोडावी, म्हणजे मुक्काम करावा. पहिल्या दिवशी बर्लिन गाठून तेथे राहायचे. कोलोनची गाडी चुकली, तर त्यानंतरच्या गाडीने रात्री उशिरा का होईना, बर्लिनला पोहोचता येते. दुसऱ्या दिवशीची वॉर्साची गाडी हातची जात नाही. पहिल्या दिवसाचा उशीर मुक्कामात जिरून जातो. मुक्काम केवळ शहर पाहण्यासाठी नसतो, तो उशीर गिळण्यासाठीही असतो!

पण मुक्काम कोठे करावा? यालाही नियम आहे. ज्या गाडीच्या मागोमाग दुसरी गाडी आहे, ती चुकली तर तास-दोन तासांचे नुकसान. जी दिवसातून एकदाच सुटते, ती चुकली तर अख्खा दिवस वाया. म्हणून दुर्मिळ गाडीच्या आदल्या रात्री मुक्काम करावा. आपल्या मार्गावर असे ठिकाण वॉर्सा होय, कारण तेथूनच मोकावाची गाडी धरायची आहे.

पुरा झालेला बेत

पहिला दिवस : लंडन, ब्रुसेल्स, कोलोन, बर्लिन. मुक्काम.
दुसरा दिवस : बर्लिन पाहणे.
तिसरा दिवस : बर्लिन ते वॉर्सा. मुक्काम.
चौथा दिवस : वॉर्सा ते मोकावा, गाडी बदलून व्हिल्नियस.

लंडनला गाडीत चढण्यापूर्वीच पारपत्र तपासतात, म्हणून तेथे बरेच आधी पोहोचावे. ब्रिटन आणि पुढचे पाच देश यांच्यासाठी भारतीय प्रवाशाला दोन वेगळे व्हिसा लागतात. तसेच, जेथे मिळेल तेथे सलग तिकीट काढावे. सुटी तिकिटे असली आणि पहिली गाडी उशिरा आली, तर चुकलेल्या गाडीचे पैसे बहुधा आपल्याच खिशातून जातात.

तुम्ही सोडवा

१. हिवाळ्यात व्हिल्नियसहून ११.०० ला निघालेली गाडी वॉर्साला १९.०० ला पोहोचली. प्रवास किती तासांचा?
२. व्हिल्नियसला १७.४० वाजले असताना आपल्या घरी किती वाजले असतील? (भारताचे घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असते.)
३. गाडी बदलायला जास्त वेळ ठेवला आणि प्रत्येक ठिकाणी शक्यता ९० ऐवजी ९५ झाली, तर तिन्ही गाड्या मिळण्याची शक्यता किती?

उत्तरे : (१) ९ तास. (२) २१.१०, म्हणजे रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटे. (३) सुमारे ०.८५७, म्हणजे हजारांपैकी अडकणारे २७१ वरून १४३ वर आले. थोडा जास्त थांबा ठेवल्याचा हा फायदा!